शून्य मार्कांच्या डॉक्टरीणबाई

नामपल्लीजवळच्या एका दवाखान्यात मी वर्षभर कागद भरून घ्यायचं काम केलं. डॉक्टरांच्या खोलीतून रुग्ण बाहेर आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. आजार नीट समजावला का? तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे ते विचारलं का? उपचार ठरवताना तुमचं मत विचारात घेतलं का? प्रत्येक प्रश्नाला रुग्णानं डॉक्टरांना दहापैकी मार्क द्यायचे. उपचार डॉक्टर एकटे ठरवतात की दोघं मिळून, हे आम्हाला मोजायचं होतं.

मराठी प्रश्न मी लिहिले होते, कारण त्या तेलुगू-उर्दू शहरात, आमच्या दवाखान्यात घरी मराठी बोलणारी मीच एक. पण माझी शाळा इंग्रजी. तिसऱ्या प्रश्नात साध्या शब्दांऐवजी मी ‘निर्णयप्रक्रियेतील सहभाग’ असं पुस्तकी लिहून ठेवलं होतं.

एका सकाळी सुलतान बाजारातल्या एक मावशी आल्या. पायाच्या मशीनवर साड्यांना फॉल लावून देणाऱ्या. दोन्ही गुडघे झिजले होते. त्यांना विचारून मी त्या दिवशी आत कोपऱ्यात बसले. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचं चित्र काढलं, ऑपरेशन आणि व्यायाम दोन्ही समजावले आणि विचारलं, “या पायांनी तुम्हाला काय काय करायचंय?”

“मशीन चालवायचीय,” मावशी म्हणाल्या.

“मग विचार करा. घाई नाही. पंधरा दिवसांनी मिळून ठरवू.”

मी मनातल्या मनात दहा देऊन टाकले.

बाहेर बाकावर बसून मी तिसरा प्रश्न वाचला. “सहभाग म्हंजे?” मावशींनी विचारलं.

“तुम्हाला विचारून ठरवतायत का?”

“हौ, विचारतायत की. शून्य लिही.”

“शून्य?”

“मग! डॉक्टर त्या का मी? त्यांना कळत असतं तर मला कशाला विचारल्या असत्या? यांच्या आधी दाखवलं ते डॉक्टर बघितले की लगेच बोलले, ऑपरेशन करा. त्यांना दहा दे.”

आमच्या वरिष्ठ बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “त्या म्हणाल्या तेच लिही. आपलं मत त्यात नको.” मी शून्य लिहिलं, पण ते दिवसभर डोक्यातून जाईना. मी मोजत होते ते नक्की काय होतं?

पंधरा दिवसांनी मावशी पुन्हा आल्या. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं, मागच्या बाजूला प्रश्न लिहिलेले. ऑपरेशन केलं तर मशीन किती दिवस बंद? एकच गुडघा केला तर? आणि शेवटी, मशीनला मोटर बसवली तर पाय मारायलाच नको ना?

डॉक्टरीणबाई हसल्या. “हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.” ठरलं असं, की मोटर बसवायची, व्यायाम करायचा, ऑपरेशनचं सहा महिन्यांनी बघायचं.

बाहेर मी न राहवून विचारलं, “आता किती मार्क?”

मावशींनी थोडा विचार केला. “आठ.”

“दोन का कापले?”

“मोटरचं मीच सुचवलं ना!”

हे ऐकून वरिष्ठ बाईंनी नियम केला, प्रत्येकाला पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं. बऱ्याच जणांचे आकडे बदलले. काहींचे वर गेले, काहींचे खालीही आले. मी तिसरा प्रश्न खोडून साधा लिहिला: “तुम्हाला विचारून ठरवलं का?” त्याच्याखाली एक नवीन ओळ घातली: “तुम्हाला विचारलेलं आवडलं का?”