जेठ झाला की येतो

अंजे, थोरल्या आजीचं लिहून घेती म्हणतीस, तर घे. साळूबाई, माझी थोरली जाऊ. उंच, काळीसावळी. चालाय लागली की आमी मागनं पळायचो. तिचा नवरा, म्हंजी आमचं थोरलं भावजी लालासाहेब, साताऱ्याला बोर्डिंगात ऱ्हाऊन शिकलं आन् लढाईत इमानावर भरती झालं. आमची चुलत सासू धोंडुआत्ती तिला म्हणायची, "नवरा आभाळात आन् बायकू उकिरड्यावर!" साळूबाई म्हणायची, "मग काय आत्ती, शेण आभाळातनं टाकू व्हय?"

स्वराज्य येऊन दोन वर्सं झाली हुती. उन्हाळ्यात भावजींचं कार्ड आलं. आमा दोघींस्नी अक्षर येत न्हवतं. तुझं आजोबा चार बुकं शिकल्यालं, त्येच वाचायचं. त्येनी वाचलं, "जेठ झाला की येतो. दोन म्हयनं रजा हाय." साळूबाईनं तीनदा वाचून घेतलं.

"म्हंजी आखाडात," ती मला म्हणली. "बया, आखाडात भांगलणीला माझ्या वाटणीचं तण तू काढ गं. मी काय रानात येत न्हाई."

जेठ लागला आन् आठव्या दिवशी तार आली. इंग्रजीतनं. शाळेचं मास्तर वाचता वाचता पायरीवर खालीच बसलं. इमान पडलं, भावजी ग्येलं. हाती फारसं काय लागलं न्हाई, जे लागलं त्याला तिकडंच अग्नी दिला म्हणं. सासूबाईंनी उंबऱ्यावर डोकं आपटलं. घर माणसानं भरलं. साळूबाई चुलीम्होरं भाकरी थापत हुती. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, परतली, शेकली, टोपल्यात ठेवली. मग दुसरा गोळा घेतला.

धोंडुआत्ती तांब्या घेऊन आली. "ऊठ पोरी. कुकू धू."

"कशापायी?"

"अगं, तार आलीया न्हवं!"

"तार त्येंच्या हातची हाय का?"

"त्येंच्या हातची कशी असंल?"

"कार्ड त्येंच्या हातचं हाय. जेठ झाला की येतो म्हणल्यात. सरू द्या की जेठ."

आत्ती तिचा हात धराय गेली तर सासूबाई म्हणल्या, "ऱ्हाऊ द्या तिला." मलाबी तवा काय वाटत न्हवतं बघ. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत न्हाई, तसं सगळं अंग झाल्यालं.

वटपुनव आली. साळूबाई हिरवं लुगडं नेसली आन् सूत घेऊन वडाला निघाली. मी मागनं. वडाजवळच्या बायका बाजूला सरल्या. शेजारच्या सुलाबाईनं आपलं ताट पदराखाली घेतलं. साळूबाईनं सात फेऱ्या मोजून घातल्या. मग हळदीकुकवाला कपाळ फुडं केलं. येकीचाबी हात येईना. मीच लावलं.

"बया, तुझाबी नवरा हाय गं," धोंडुआत्ती म्हणली. "इसरू नगं."

जेठाचं चार दिस उरलं तवा मेढ्याचा हंबीरराव भावजींची ट्रंक घेऊन आला. त्येंच्याच इमानाच्या ठेसनावर इमानं दुरुस्त करायचा. साळूबाईनं पाणी दिलं आन् त्याच्याफुडं कार्ड धरलं.

"तुमी तिथलं. जेठ झाला की येतो म्हणल्यात न्हवं? मग ती तार कशाची?"

त्यानं कार्ड वाचलं. परत पयल्यापासनं वाचलं.

"वैनी, ह्यो म्हयना न्हवं. जेठ न्हाई, जेट हाय. नवं इमान आलंय तिकडं, म्होरं पंखा नसल्यालं. त्येला जेट म्हणत्यात. सायेब ते चालवाय शिकत हुतं. जेट झाला की येतो, म्हंजी ते शिकून झालं की, असं हाय हे."

तुझं आजोबा दारात बैलाचं दावं धरून हुबं हुतं. त्येंच्या हातातनं दावं सुटलं.

"शिकायचं किती ऱ्हायलं हुतं?" साळूबाईनं इचारलं.

"दोनच दिस."

"वर जाताना पडलं का उतरताना?"

"उतरताना, वैनी."

"ह्यात जेट कुठलं?"

हंबीररावानं बोट ठेवून दावलं. तिनं त्या अक्षरावरनं बोट फिरवलं.

आजोबा म्हणलं, "वैनी, मीच वाचताना..."

"बैलं कवाची उनात हायत," ती म्हणली. "सावलीला बांधा जावा."

आजोबा ग्येलं. मग ती मला म्हणली, "बया, पाणी आण."

मी तांब्या आणला आन् पाणी वतलं. तिनं आपल्याच हातानं कपाळ धुतलं, मग परत येकदा धुतलं. रडली न्हाई. मलाबी रडू आलं न्हाई. कुकू सगळं ग्येलं, खालचं हिरवं गोंदण तेवढं ऱ्हायलं. ती बोटानं तेबी चोळत हुती. मी म्हणलं, "आक्का, ते न्हाई निघायचं," तवा कुठं तिनं हात खाली घेतला.