मावशीने आणलेली ओटी

ठाणं दाखवावं तर मीच, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. जन्म डोंबिवलीचा, नोकरी ठाण्याची, सासर कोपर स्टेशनच्या पश्चिमेला. मालिकेतला कोणता नट कोणत्या सोसायटीत राहतो, कोणती नटी भेंडी एकेक मोडून बघून घेते, पडद्यावर माणसं मारणारा खलनायक कोणत्या डेंटिस्टच्या खुर्चीत रडतो, सगळं मला पाठ. घोडबंदर रोडला तर शूटिंगच्या बंगल्यांची रांगच लागलीय. त्यामुळे बार्शीची मावशी पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि "मला नटनट्या दाखव" म्हणाली, तेव्हा मी ऑफिसला दांडी मारून गाडी काढली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काका जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून एकटीच राहते. रोज संध्याकाळी साडेसातला ती एक मालिका बघते, आणि त्यातल्या सुनेवर तिचा भारी जीव. सध्या सुनेला सातवा महिना लागलेला आणि सासू महाखाष्ट. "पोरीला दोन घास सुखानं खाऊ देत न्हाई बया," असं ती मला फोनवर सांगायची, शेजारच्या घरातलं सांगावं तसं.

कळव्याचा पूल ओलांडताना तिने पिशवीतून खण, नारळ आणि तांदळाची पुरचुंडी काढून मांडीवर घेतली.

"सुनेची ओटी भरायची," ती म्हणाली. "देवीला बोललेय मी."

"अगं मावशी, पोटाला उशी बांधतात तिच्या."

"ठावं हाय मला. येडी न्हाई मी." मग म्हणाली, "भरायची मात्र तू. मला न्हाई चालत. मी बाजूला हुबी ऱ्हाईन."

"बरं," म्हणाले आणि सिग्नल सुटला म्हणून गाडी पुढे घेतली.

आधी टेंभी नाका. दहीहंडीला इथे मोठमोठे स्टार येतात, स्टेजवर नाचतात, पाय ठेवायला जागा नसते, असं मी हात पसरून सांगितलं. समोर एक रसवाला आणि तीन रिक्षा होत्या. "आज कुटं गेले सगळे?" मावशीने विचारलं. मी तिला तलावपाळीला नेलं. तिथे गॉगल लावलेला एक देखणा गृहस्थ समोरून आला. मी छातीठोकपणे सांगितलं, हा अमुक मालिकेतला इन्स्पेक्टर. मावशीने लगबगीने पुढे होऊन नमस्कार केला. त्याने आम्हा दोघींना विम्याच्या पॉलिसीची माहिती दिली. मी मुळीच खचले नाही. खरा हुकमाचा एक्का घोडबंदरला होता.

आमच्या बिल्डिंगमधले एकजण त्याच मालिकेत ड्रेसदादा आहेत, म्हणजे कलाकारांचे कपडे सांभाळणारे. त्यांना मी सकाळीच फोन केलेला. ते आम्हाला फाटकातून आत घेऊन गेले आणि मग हळूच म्हणाले, "वहिनी, एक लोचा झालाय. सूनबाईंना आज सुट्टी दिली. परवा येतील."

मावशीची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पिशवी तिने पोटाशी धरली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपली सगळी माहिती कुचकामी आहे.

एवढ्यात तिला मालिकेतली सासू दिसली. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, भरजरी साडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बाई चहात खारी बुडवत होत्या. मी अडवायच्या आत मावशी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"का गं छळतीस त्या पोरीला? पोटुशी हाय ती!"

ड्रेसदादांनी कपाळावर हात मारला. बाई मात्र खळखळून हसल्या. "मावशी, लिहून देतात तसं बोलावं लागतं हो. काय आणलंत पिशवीत?"

मी सगळं सांगितलं. मावशी पुटपुटली, "आणलेली ओटी माघारी कशी न्यायची?"

"मग माझी भरा. सुनेला परवा मी स्वतः देते, सासू आहे तिची," बाई म्हणाल्या आणि पाय खाली घेऊन उठल्या. मी लगेच नारळ हातात घेतला. मावशी ठरल्याप्रमाणे दोन पावलं मागे सरकली.

"आणली कोणी?" बाईंनी मला विचारलं.

"मावशीने. पण तिला..."

"मला न्हाई चालत," मावशीच म्हणाली. "मालक न्हाईत माझे."

बाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र बोटाने उचलून दाखवलं. "हे प्रॉडक्शनचं. पॅकअप झालं की या दादांकडे परत करते. कुंकूपण यांचंच. माझे हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माझीही कुणी भरली नाही." त्यांनी पदर पसरला. "तुम्हीच भरा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी नारळ तिच्या हातात दिला. तिने घाईने ओंजळ रिती केली आणि अर्धे तांदूळ पदराबाहेर पडले. बाईंनी खाली वाकून ते वेचले, सुजलेल्या पायांनिशी. मला माझीच लाज वाटली. घरात सगळ्यात पुढारलेली म्हणून मिरवणारी मी, मावशी मागे सरकली तेव्हा नारळ घेऊन आपली पुढे झाले होते. "तू भर की" एवढे तीन शब्द मला सुचले नव्हते.

परतीच्या वाटेवर मावशी खुशीत होती. सासू पडद्यावर दिसते तेवढी जाडी नाही, खारी फार खाते, असं बरंच काही बोलली. कळव्याच्या पुलावर तिने रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

"तुज्या लग्नात ओटी भरायच्या वक्ताला मी मागच्या खोलीत जाऊन बसलेले," ती म्हणाली. "ध्यानात हाय का तुज्या?"

"आहे गं," मी म्हणाले.

नव्हतं. लग्नाचा अल्बम मी शंभरदा बघितलाय, आणि मावशी त्यात कुठे नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.