डावीकडचा ब्रेक

रविवारची दुपार आहे. पंख्याखाली पद्मजा आडवी झाली आहे, पोटावर शोरूमचं चकचकीत माहितीपत्रक उघडं पडलं आहे आणि पापण्या जड व्हायला लागल्या आहेत. झोप अजून आलेली नाही. दाराशी येऊन चपला काढते आहे, इतकंच. बाहेरच्या खोलीत सुकुमार, म्हणजे तिचा नवरा, क्रिकेट बघतो आहे आणि त्या कॉमेंट्रीतले शब्द हळूहळू एकमेकांत मिसळू लागले आहेत.

पाच वाजता शोरूमचा फोन येणार आहे. पन्नासाव्या वाढदिवशी बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, कुणाला न विचारता त्यांनी दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार बुक केली. घरातल्यांनी तोंडात बोटं घातली. घालतीलच की, चार वर्षांत हिने घरातल्या साध्या गाडीच्या स्टिअरिंगलाही हात लावलेला नाही. आता रंग ठरला, महिना ठरला, फक्त व्हेरियंट ठरायचा राहिला आहे. साधा, मधला की टॉप? तीनदा तिने "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आज पाचपर्यंत सांगितलं नाही, तर गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल.

साध्यात हाताने टाकायचे सहा गिअर आणि बाकी सगळा आनंद. टॉपमध्ये गिअर आपोआप पडतात, पुढे कॅमेरा आहे, समोर काही आडवं आलं तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. शिवाय सीट गरम करायची सोय. कोल्हापुरात! सुकुमार म्हणतो, टॉपच घे, जिवाला घोर नको. तिला मात्र कुठलंच उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की गाडी येणार, आणि गाडी आली की तिच्यात बसावं लागणार. पण नाही म्हणायलाही तोंड उघडत नाही. अशी ती दोन्हीकडून अडकली आहे.

पंख्याचा आवाज बारीक होत जातो आणि शोरूममधल्या एसीचा होतो.

"मॅडम, बसून तरी बघा," ओंकार म्हणतो. ओंकार म्हणजे तिथला सेल्समन, ज्याचा पाच वाजता फोन येणार आहे तो.

बघा म्हणेपर्यंत ती बसलेलीच आहे. सीट खोल आहे, कमरेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी. ओंकार बाहेरून दार लावतो. पट्टा कुणी न ओढता येऊन छातीवर आवळला जातो. ती दाराला चाचपते. दार सपाट आहे.

"आतून उघडायची कडी कुठं आहे?"

"ती व्हेरियंट निवडल्यावर बसवतात, मॅडम," काचेपलीकडून ओंकार हसून सांगतो.

डावीकडच्या सीटवर आबा बसले आहेत.

आबा म्हणजे तिचे वडील, भूपाल चौगुले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, हे पद्मजाला ठाऊक आहे, आणि तरी तिला त्याचं काही वाटत नाही. नवल वाटतं ते एवढंच, की बुशशर्ट कडक इस्त्रीचा आहे. जिवंतपणी ह्या माणसाच्या पाठीवर कायम सीटकव्हरची जाळी उमटलेली असायची. बत्तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्धं कोल्हापूर त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक असतो, मास्तरच्या पायाखाली. शिकणारा घाबरला, गोंधळला, झोपला तरी चालतं. मास्तर दाबतो आणि गाडी थांबते. आबांचा पाय त्या ब्रेकवर आणि तोंड शिकणाऱ्याच्या कानाशी, दोन्हींना सुट्टी म्हणून नव्हती.

आताही ते पायाने खाली काहीतरी शोधत आहेत. नव्याकोऱ्या मॅटवर इकडे दाबतात, तिकडे दाबतात.

"ह्यात न्हाई व्हय?" ते विचारतात.

"काय, आबा?"

"माझा ब्रेक."

ओंकार काचेशी वाकतो. "सर, टॉपमध्ये गाडी स्वतःच थांबते."

"आणि साधीत?"

"साधीत मॅडमनी थांबवायची."

"आणि मधलीत?"

"मधलीत सीटला लाल दोऱ्याची शिलाई आहे, सर."

आबा मान डोलावतात, जणू हे फार विचार करण्यासारखं आहे. मग पुढे बोट दाखवतात. "चल, घे पहिला गिअर."

"कुठं जाऊ? पुढं काच आहे की."

काच नाही. बाजार समितीमागचं मैदान आहे, चुन्याने आखलेला मोठा आठाचा आकडा आहे, आणि ती त्या आठावरून गाडी फिरवते आहे. ह्याच मैदानात ती अठराव्या वर्षी शिकली. गाडी लाल आहे, पण स्टिअरिंग आबांच्या शिकवायच्या जुन्या गाडीचं, घामाने काळं पडलेलं. एक फेरी होते. दुसरी होते. आठ संपत नाही. जिथून बाहेर पडायला वाट असायची, तिथे चुन्याची रेघ वळून परत आत येते. ती स्टिअरिंग सरळ धरते, तरी गाडी वळते.

"आबा, मला थांबायचंय."

"मग थांब की. कुणी धरलंय?"

"तुम्ही दाबा ना."

आबांचा पाय मॅटवर नुसता चाचपडतो. आठाच्या मधोमध, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे उसाची ट्रॉली उभी आहे. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॉली मघाशी नव्हती. पद्मजा ही ट्रॉली ओळखते.

आता मैदान नाही. पन्हाळ्याचा घाट आहे, उजवीकडे लाल मातीचा कडा, स्वच्छ सकाळचं ऊन, आणि ते वळण. चार वर्षांपूर्वी ह्याच वळणावर हीच ट्रॉली उभी होती. तेव्हा गाडी पद्मजाची होती, साधीसुधी, चारच दिवस आधी घेतलेली. मुलीच्या गाडीत बसायचं म्हणून आबा सकाळी सातपासून तयार होते. पद्मजाचं मनगट मोडलं. आबा गेले. सगळ्यांनी सांगितलं, तुझी काही चूक नाही, ट्रॉलीवाल्याची चूक. ती चार वर्षं मान डोलावत राहिली.

वळण संपत नाही. ट्रॉली तेवढ्याच अंतरावर आहे, जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. पट्टा छातीवर आणखी आवळतो. काचेबाहेर कड्याला टेकून ओंकार हातात फॉर्म घेऊन उभा आहे.

"आबा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही ओरडला का नाहीत?"

आबा आपल्या पायाकडे बघतात. "ब्रेक मारला म्या. पार ताकदीनं मारला."

"तिथं ब्रेक नव्हता, आबा. ती माझी गाडी होती."

"आता कळतंय. तवा कुठलं? बत्तीस वर्षं हुता तिथं." ते थोडं ओशाळं हसतात. "तोंडानं थांब म्हणालो असतो तर थांबली असतीस. पण पायाची सवय. पायानं तोंडाला बोलूच दिलं न्हाई."

एक गोष्ट पद्मजाने चार वर्षं कुणालाही सांगितलेली नाही. सुकुमारला सांगितलं नाही, पोलिसांच्या जबाबात सांगितलं नाही, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली तेव्हाही सांगितलं नाही.

"मला ट्रॉली दिसली होती," ती म्हणते. "तुमच्या आधी दिसली होती. माझा पाय ब्रेकवर होता. पण मी दाबला नाही. मी वाट बघितली."

"कुणाची?"

"तुमची. शेजारी तुम्ही होता ना. मला वाटलं, तुम्ही दाबाल. एवढंसंच थांबले मी. डोळ्याची पापणी लवते तेवढंच."

वळण चालूच आहे.

"म्हंजे," ते म्हणतात, "दोघंबी एकाच ब्रेकच्या भरवशावर हुतो."

"हो."

"आणि तो नव्हताच."

"नव्हता."

"आयला," आबा म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "तुला म्या शिकवलं ते असलं शिकवलं. बाकीची पोरं बरी शिकली."

मग ते वाकतात आणि पायातल्या चपला काढतात. पद्मजाला लख्ख कळतं ते काय करणार आहेत. शाळेचा रिवाज होता. पोरगं तयार झालं, असं वाटलं की शेवटच्या दिवशी आबा चपला काढून सीटवर चक्क मांडी घालून बसायचे, हात मांडीवर, जेवायला बसल्यासारखे. प्रमाणपत्र वगैरे नंतर. मास्तरांनी मांडी घातली की पोरगं पास. कारकून, न्हावी, कॉलेजच्या बाई, सगळ्यांसाठी त्यांनी मांडी घातली. फक्त लेकीसाठी कधी घातली नाही. पोटची पोर, तिच्या बाबतीत धीरच झाला नाही.

"नको, आबा."

"व्हय की. लई उशीर झाला."

"मला टॉप घ्यायचीय. ती स्वतः थांबते."

"घे की. कुठलीबी घे. मशीन दाबतंय, चांगलंच हाय. पण तू त्याची वाट बघत बसणार न्हाईस न्हवं?"

आपण वाट बघत बसणारच, हे तिला पक्कं माहीत आहे. आबा उजवा पाय उचलून सीटवर घेतात. मग डावा. तळवे अनवाणी आहेत, घाटातल्या लाल मातीने भरलेले, ओले. ती गिअरवरचा डावा हात काढते आणि त्यांचं पाऊल गच्च धरते, खाली ओढते, पुन्हा मॅटवर टेकवायला बघते.

"खाली ठेवा! आबा, पाया पडते, खाली ठेवा!"

पाऊल थंड आहे आणि जड आहे आणि हलत नाही. आबा तिची बोटं एकेक करून सोडवतात, तान्ह्या मुलाच्या मुठीतून पदर सोडवावा तशी.

"पद्मा, माझ्याकडं नको. पुढं बघ."

ती पुढे बघते. ट्रॉली हलली आहे. आता ती जवळ येते आहे, वेगाने, उसाचे शेंडे काचेला लागतील इतकी. शेजारून एक शब्द येत नाही. पद्मजा पाय दाबते. सगळ्या अंगाने दाबते.

पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर टाच आदळते आणि ती जागी होते.

पंखा फिरतो आहे. उशी ओली आहे. ती रडते आहे, चार वर्षांत पहिल्यांदा असं मोकळं, आवाज करून, आणि ह्या रडण्याची तिला लाज वाटत नाही. फोन वाजतो तेव्हाही ती रडतेच आहे. उजव्या हाताने उचलते. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे. मूठ उघडायला ती तयार नाही.

"मॅडम, मी ओंकार. व्हेरियंट ठरला का?"

"साधी," ती म्हणते. "क्लचसकट तीन पेडलची."

"नक्की ना, मॅडम? सर टॉप म्हणत होते."

"सर म्हणत होते. मी साधी म्हणते. सही करायला मी येते आहे, आत्ता."

सुकुमार दाराशी येऊन उभा आहे. बायकोचे डोळे बघून त्याचा चेहरा उतरतो. "काय झालं? थांब, मी सोडतो तुला."

"नको. किल्ली द्या."

तो किल्ली देतो. चार वर्षं तो ह्याच दोन शब्दांची वाट बघत होता.

खाली पार्किंगमध्ये घरची गाडी उन्हात तापली आहे. पद्मजा बसते, स्वतःच दार लावते, पट्टा बांधते. शेजारच्या सीटकडे बघत नाही. उजव्या हाताने किल्ली फिरवते. क्लच दाबते. आता पहिला गिअर टाकायचा, तर डावा हात लागणार.

ती मूठ उघडते. तळहातावर लाल माती आहे, अजून ओली, रेषारेषांत बसलेली, आणि चार नखांखालीही. ती हात गिअरवर ठेवते. माती गिअरच्या काळ्या दांडीला लागते. थोडा वेळ ती तशीच बसून राहते, आणि मग पहिला टाकते.