खालच्या ओव्हनमधलं कोकरू

इंग्लंडातल्या रीडिंग स्टेशनवर लंडनच्या ट्रेनची वाट बघत होतो, तेव्हा रेवाचा फोन आला. रेवा म्हणजे माझ्या जुन्या मित्राची, दिलीपची मुलगी. जन्म, शाळा, नोकरी सगळं इथलंच, त्यामुळे तिचं मराठी तिच्या चालीनं चालतं. "काका, बाबा गेली," ती म्हणाली. मग थांबली. "गेला... गेले. काका, व्हॉट डू यू से?" मी म्हणालो, "गेले, बेटा." आणि ते म्हटल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. सकाळी ग्लासगोच्या घरासमोर व्हॅनमध्ये दुरुस्तीची हत्यारं ठेवताना त्याच्या छातीत कळ आली आणि तिथंच सगळं संपलं. माझी ट्रेन आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. मी बाकावरच बसलेलो.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, लिहवणार नाही. पण दिलीपची कुठलीही आठवण काढा, तिच्या शेवटी हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

आमची ओळख नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधली. एप्रिल लागला की हॉस्टेलचे कूलर एकेक करून मान टाकायचे आणि दिलीप पाना घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचा. पंपातला गाळ काढायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायचा, आणि थंड हवेचा पहिला झोत आला की कूलरसमोर उभा राहून शर्टाची बटणं उघडायचा, "हे पाह्य नंद्या, महाबळेश्वर!" पुढं दोघंही नोकरीच्या व्हिसावर इथं ब्रॅकनेलला आलो, एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या डेस्कवर. मी कोड लिहायचो. तोही लिहायचा, पण ऑफिसच्या किचनमधलं कॉफी मशीन बिघडलं की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते स्क्रीनपुढं कधी दिसलं नाही. मृणालला, म्हणजे त्याच्या बायकोला, ग्लासगोच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली, आणि तिच्यासोबत तिकडं जाताना यानं जाहीर केलं की आता लॅपटॉप बंद. घरगुती यंत्रं दुरुस्त करण्याचा कोर्स केला, परीक्षा दिल्या, व्हॅन घेतली. नागपूरहून त्याच्या वडिलांचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. फोन स्पीकरवर होता. "काऊन बे, इंजिनिअर झाला अन् आता मिस्तरी बनून राहिला का?" दिलीप शांतपणे म्हणाला, "बाबा, मी कूलर दुरुस्त करत होतो तेव्हा तुम्हीच मोहल्ल्याला सांगत होते, पोरगा इंजिनिअर आहे म्हणून." पलीकडून म्हाताऱ्याचा असा काही हसण्याचा फवारा आला की मृणाल बाहेरच्या खोलीतून बघायला आली.

त्याची गिऱ्हाइकं बडी असायची. भिंतीत बसवलेली कॉफी मशीन, वाफेवर चालणारे ओव्हन, वाइनसाठी वेगळा फ्रीज, असल्या वस्तू ज्यांच्या घरात असतात ती माणसं. पण दिलीपचा खरा जीव जडला तो स्कॉटलंडच्या थंडीवर. ज्या पोराचं बालपण उन्हाशी भांडण्यात गेलं, त्याला थंडीच्या करामतींचं केवढं अप्रूप! "तुला म्हाईत आहे का, थंडीनं फ्रीज बंद पडतो?" हे तो भेटेल त्याला सांगायचा. लोक गॅरेजमध्ये मोठाले फ्रीज-फ्रीझर ठेवतात. हिवाळ्यात गॅरेजच इतकं गार होतं की फ्रीजला वाटतं, आपलं काम झालं. तो झोपून जातो, आणि मोटर एकच असल्यानं त्याच्यासोबत झोपलेल्या फ्रीझरमधलं मटण वितळायला लागतं. "थंडीनं वितळलेलं मटण! नागपुरात सांगितलं तर दगड मारतील बे." बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारा पाइप गोठला की गरम पाण्याची पिशवी घेऊन तो पाइपला शेकत बसायचा, अंगात कणकण असलेल्या पोराला आई शेकते तसा. आणि फोनवर मला त्याची साग्रसंगीत हकिगत.

पण सगळ्यांत सांगण्यासारखी गोष्ट मोरागबाईंची. मोरागबाई म्हणजे उत्तरेच्या डोंगरांत एकट्या राहणाऱ्या, मेंढ्या पाळणाऱ्या बाई. सत्तरीच्या पुढच्या. मुलीनं त्यांना बिडाची एक भलीमोठी महागडी चूल घेऊन दिली होती, तेलावर चालणारी, चार ओव्हनची. तिच्यावर स्वयंपाक व्हायचा, पाणी तापायचं आणि सगळं घरही उबदार राहायचं. पाचेक वर्षांपूर्वी मी ईस्टरच्या सुट्टीत ग्लासगोला गेलो होतो आणि सकाळी नाश्त्याला बाईंचा फोन आला. बर्फ पुन्हा पडला होता, चूल विझली होती, आणि मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. अशक्त जन्मलेली कोकरं चुलीच्या खालच्या, कोमट ओव्हनचं दार उघडं ठेवून आत ठेवतात. थोडी ऊब मिळाली की उठतात. आता ऊब नव्हती. दिलीपनं हातातला टोस्ट तसाच तोंडात कोंबला. "चाल नंद्या."

रस्ता असा की शेवटच्या चढावर व्हॅन सरकायला लागली. मी उतरून फावड्यानं बर्फ ओढत होतो आणि दिलीप खिडकीतून डोकं काढून मला प्रोत्साहन देत होता. स्वयंपाकघरात पोचलो तर मोरागबाई टोपी, मफलर, दोन कोट घालून खुर्चीवर बसलेल्या, आणि पायाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन कोकरं. एक मान तरी हलवत होतं. दुसरं ओल्या मोज्यासारखं पडलेलं. दिलीपनं चुलीकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी त्यानं कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टॉवेल टाकले, तापवले, त्यात ते निपचित कोकरू गुंडाळलं, आपल्या जाकिटाची चेन उघडली आणि त्याला छातीशी आत घेतलं. वर फक्त एक ओलं नाक दिसत होतं. "आता बोला मोरागबाई, काय झालं?"

मग त्या अवतारात तो कामाला लागला. एक हात जाकिटावर, एक हात चुलीत. बर्नर उघडला, वात पाहिली, सगळं ठणठणीत. तेलच येत नव्हतं. बाहेर मागच्या अंगणात तेलाच्या टाकीपाशी गेलो. टाकीखाली काचेची लहानशी वाटी असते, गाळणीची. तिच्यात तेलासोबत आलेलं पाणी साचून त्याचा पांढरा खडा झाला होता, एवढासा, सुपारीएवढा. त्यानं अख्खं घर गारठवलं होतं. दिलीप हसायलाच लागला. "इतका मोठा घोडा अन् काटा केवढासा!" मी किटलीतलं गरम पाणी फडक्यावर ओतत होतो, तो फडकं वाटीला गुंडाळत होता. बर्फ सुटला, पाणी काढून टाकलं, पाइपमधली हवा काढली, आणि आत येऊन चूल पेटवली. निळी ज्योत गोल धरली तेव्हा मोरागबाईंनी डोळे मिटून घेतले.

पण बीड काही लगेच तापत नाही. तासन् तास लागतात. आम्ही तिघं चुलीसमोर बसून वाट बघत राहिलो, आलटून पालटून टॉवेल तापवत. दिलीप पुन्हा पुन्हा जाकिटात बोट घालून बघत होता. मी विचारलं, "आहे का रे?" त्यानं मान हलवली, माहीत नाही अशी. बाहेर ढग जरा फाटले, खिडकीतून ऊन आलं... आणि दिलीप एकदम खुर्चीवरून उडालाच. "अबे! मुतलं! नंद्या, मुतलं हे माझ्यावर!" मोरागबाईंना मराठीचा गंध नाही, पण त्यांना बरोबर कळलं. त्या हसता हसता रडायला लागल्या. दिलीप ओल्या शर्टानं स्वयंपाकघरभर नाचत होता आणि त्याच्या जाकिटातून एक बारीक, रागावलेलं "बेंऽऽ" ऐकू येत होतं. संध्याकाळी ते कोकरू खालच्या ओव्हनमध्ये पाय पसरून झोपलं होतं. दिलीपनं मृणालला त्याचा फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "मी शाकाहारी आहे, विसरलास का?"

अंत्यविधीला मोरागबाई एकट्या गाडी चालवत आल्या होत्या. त्यांनी मृणालचे दोन्ही हात धरले आणि एवढंच सांगितलं, की त्या कोकराची आता मेंढी झाली आहे, तीनदा आई झालेली. मृणाल त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मागच्या शनिवारी मी पुन्हा ग्लासगोला गेलो. घर शांत होतं. जेवायची वेळ झाली तशी मृणालनं मला त्यांच्या फ्रीझरपाशी नेलं आणि दार उघडलं. आत सारखे, पांढरे, गोठलेले डबे. हिवाळ्यात कामाची गर्दी असते म्हणून दिलीप दर ऑक्टोबरात सुट्टी काढून स्वयंपाक करून ठेवायचा, हे मला माहीतच नव्हतं. "एकावरही नाव नाही," मृणाल म्हणाली. "मी म्हणायची, लिही रे बाबा. तर म्हणे, मग मजा काय राहिली?" गोठल्यावर सगळं एकसारखंच दिसतं. रेवानं डोळे मिटून एक डबा उचलला. आम्ही तो वरण समजून भात लावला. वितळायला लागल्यावर वास आला आणि मृणालनं कपाळावर हात मारला. सावजी रस्सा, जहाल तिखट. तोही कोंबडीचा. तिनं स्वतःपुरती भाजी केली, आणि मी आणि रेवानं तो रस्सा खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. कोण कशानं रडतंय ते कुणी विचारलं नाही. रेवा पाण्याचा ग्लास तोंडाला लावून म्हणाली, "काका, ही इज स्टिल किलिंग अस!" आणि आम्ही तिघंही टेबलावर डोकं टेकवून हसलो.

अजून बरेच डबे उरलेत. दर रविवारी एकच काढायचा, असं मायलेकींनी ठरवलंय. काल दुपारी मी इथं रीडिंगला कपडे इस्त्री करत होतो तर रेवाचा फोन. मागं मृणालचा आवाज, ताटल्यांचा आवाज. "काका, आज काय निघाला, गेस!"

मी म्हटलं, "वांग्याची भाजी."

"नो!"

"आमरस?"

"नो! काका, बाबांनी नुसता बर्फ ठेवला आहे. डबा भरून! जस्ट आइस! बाबांनी आपल्याला फसवलं!"