अक्काची जिती आंबील

तीन आठवड्यांपूर्वी नांदेडहून सुजाताचा फोन आला. "ताई, अक्का गेली." यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "औषध कोणत्या डॉक्टरचं चालू होतं?" ऐंशीच्या पुढची बाई, दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही, पण मला त्यातही कुणाचा तरी हलगर्जीपणा शोधायचा होता. अक्का असती तर म्हणाली असती, "आता मरणालाबी कागद मागाया लागल्या का, बाई?" ... मग मात्र मी रडले.

अक्का म्हणजे कौसल्याबाई, मूळच्या देगलूरकडच्या. लातूर जिल्हा नवा झाला, माझ्या यजमानांची तिथल्या कचेरीत बदली झाली आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. शेजारच्या दोन खोल्यांत अक्का आणि तिची शाळकरी लेक सुजाता. नवरा वारलेला, अक्का बालवाडीत मदतनीस. जिल्हा नवा, साहेब नवे, पाट्यांचा रंगसुद्धा ओला. पाणी तेवढं नव्हतं. पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात तर रोज दुपारी हापशावर दोन-दोन तास रांग. मी पाण्याचा वास घ्यायचे, दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायचे. कुणावर म्हणून माझा विश्वास नसे.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मंजूचं पोट बिघडलं. साडेचार वर्षांची पोर. गोळ्यांनी चार दिवस थांबायचं, पुन्हा सुरू. झगा खांद्यावरून निसटायला लागला. ही आपल्या हातची जाते की काय, या भीतीनं मी रात्री उठून उठून तिचा श्वास बघायचे. एका सकाळी अक्का वाटी घेऊन दारात उभी राहिली.

"ज्वारीची आंबील हाय. ताकात पीठ रातभर आंबवलं, सकाळी शिजवलं, निवल्यावर वरून ताजं ताक घातलं. डॉक्टरचं औषध चालूच ठिवा, पर हे बी द्या."

"जुलाबावर आंबट?"

"आंबट म्हणू नका, जितं हाय ते. गोळ्यांनी लेकराचं पोट पार धुऊन निघालंय. तिथं कायतरी जितं रुजाया पाहिजे."

जितं! ती गेल्यावर मी वाटी उजेडात धरली आणि आत किडे वळवळतात का ते पाहिलं. किडे नव्हते. तरी आंबील मागच्या दारी गटारात ओतली आणि वाटी घासून परत केली. "आवडली हो मंजूला." दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी, पुन्हा गटार. दीड-दोन महिने हा उद्योग चालला. कुठलं पाणी वापरलं असेल, असं मी मनाशी म्हणायचे. पण खरं सांगते, अक्काच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि माझ्या माहेरी त्या वस्तीतलं पाणी कुणी तोंडाला लावत नसे. मी शिकलेली, असलं काही कबूल कशी करणार? म्हणून सगळा दोष पाण्यावर ढकलला. गंमत अशी की हापशाच्या रांगेत जाताना मंजूला मी अक्काच्याच ओट्यावर सोडून जात असे. पोर चालायची तिच्याकडे, वाटी चालत नव्हती. याची आज लाज वाटते.

आषाढात मंजू सुधारली. गालावर मांस आलं, पुढं साध्या सर्दीतापानंही ती आडवी होईना. मी डॉक्टरांना पेढे दिले. एक अक्कालाही दिला. "ब्येस झालं, बाई," म्हणाली आणि खाल्ला.

आता मंजूच्या लेकाचे डॉक्टर सांगतात, आतड्यात चांगले जंतू असतात, मुलांची प्रतिकारशक्ती बरीचशी त्यांच्यावर असते, दही-ताक द्या. जंतू आणि चांगले? मी त्यांच्याकडेही जरा रोखूनच पाहिलं.

गेल्या आठवड्यात नांदेडला सुजाताला भेटायला गेले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिला सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "अक्काला ठाऊक होतं. त्या साली गटारात पाणी कुठं होतं, ताई? पांढरा ओघळ आमच्या दारापर्यंत येऊन वाळायचा."

"मग रोज वाटी का आणायची?"

"बंद केली असती तर तुम्हाला कळलं असतं, की तिला कळलंय. मग तुम्ही मंजूला आमच्याकडं सोडलं नसतं. तुम्ही रांगेत गेल्या की अक्का तिला पाजायची."

मला आधी रागच आला. माझ्या लेकराला, मला न विचारता? मंजू बरी झाली ती आंबिलीनं की औषधानं, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगणार नाही. तिथूनच मंजूला फोन लावला.

"अक्काकडे तू काही प्यायचीस का गं?"

"हो की, आंबील. रोज."

"मग मला कधी बोलली नाहीस ती?"

"अक्कानं नको म्हटलं होतं ना. म्हणायची, आईला सांगू नगंस, ती लई भेती."