हलगीला भ्यायचं राहून गेलं

आमचे नाझरसाहेब भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. तालुक्याच्या कोर्टात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला टेबल दाखवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "हे बघ, आपल्याला हितं भ्यायचाच पगार मिळतो. ज्याला भेव वाटत न्हाई त्यानं दुसरीकडं नौकरी बघावी." म्हटलं, झालं! आपल्या नशिबी साहेब आला तो हा असा.

कोर्ट म्हटलं की लोकांना जज्जसाहेब दिसतात, वकील दिसतात. पण आत झालेला हुकूम गावात नेऊन पोचवायचा कुणी? तर नाझर विभागानं. समन्स, नोटिसा, जप्तीचे आणि कब्ज्याचे वॉरंट, सगळं आमच्याकडं यायचं. नाझरसाहेब ते गावांप्रमाणे बेलिफांना वाटून द्यायचे. बेलीफ जाऊन बजावून यायचा, पंचांच्या सह्या आणायचा, आणि त्याचा अहवाल आमच्या हातून पुन्हा आत जायचा. ऐकायला सोपं वाटतं. साहेबांचा मात्र प्रत्येक कागद देताना जीव वरखाली व्हायचा. "त्या घरात कुणी म्हातारं हाय का ते बघ आधी. दारातून वरडू नको. पोरं जेवत असली तर थांब जरा." बेलीफ गालात हसायचे. संध्याकाळी शेवटचा बेलीफ एसटीतून उतरून ऑफिसात येईपर्यंत साहेब जागचे हलायचे नाहीत. एका बेलिफाला कुठल्याशा गावानं गोठ्यात कोंडून ठेवलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणे.

मुद्देमालाच्या खोलीची तर त्यांना भारीच धास्ती. खटल्यातले कोयते, काठ्या, रक्ताचे डाग पडलेली धोतरं, सगळं लाखेचं सील लावून तिथं ठेवलेलं. कुलूप लावलं की ओढून बघायचे, थोडं पुढं जाऊन पुन्हा मागं यायचे आणि पुन्हा ओढायचे. मी एकदा चेष्टा केली, "साहेब, कोयते काय चालत बाहेर येणार आहेत का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "कोयता येत न्हाई बे. पर एकेका कोयत्याला एकेक मानूस चिकटलेलं हाय." त्यानंतर त्या खोलीत एकटं जायची माझीही छाती झाली नाही.

मग तो दुष्काळ आला. ऊसतोडीहून माणसं गावाकडं परतली तर विहिरींना तळ दिसत होते. आठवड्यातून कधीतरी टँकर यायचा, त्यावर गावं जगत होती. त्या उन्हाळ्यात एक कब्ज्याचं वॉरंट निघालं. एका गावच्या सहकारी दूध संस्थेची जागा कोर्टानं मूळ मालकाला दिली होती. कुणाला बाहेर काढायचं नव्हतं, ताबा नावापुरताच द्यायचा होता. संस्थेच्या भिंतीवर वॉरंटची प्रत डकवायची आणि गावात दवंडी पिटायची, एवढंच काम. त्या भागाचा बेलीफ ऊन लागून घरी पडलेला. साहेब म्हणाले, "मीच जातो. तू चल संगं."

जीपमध्ये साहेब रस्ताभर भीत होते. पंच मिळतील का, कुणी दगड मारील का, कुत्रं अंगावर येईल का. गावात शिरलो तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंच मिळाले, प्रत डकवली. गावचा हलगीवाला म्हातारा बोलावला. तो जरा घुटमळला, पण कोर्टाचं नाव ऐकून त्यानं हलगी वाजवायला घेतली. साहेब सगळ्याला भ्याले होते, हलगीला भ्यायचं तेवढं राहून गेलं.

कारण त्या दिवसांत त्या गावात हलगी वाजायची ती टँकर आला म्हणून!

गल्ल्यागल्ल्यांतून बाया पळत सुटल्या. हंडे, घागरी, तेलाचे रिकामे डबे, कडेवर पोरं. एक बाई ठेचकाळून पडली, तिचा गुडघा फुटला, तशीच उठून लंगडत आली. "कुटाय टँकर?" तिनं विचारलं. "टँकर न्हाई माय," साहेब कसेबसे म्हणाले, "कोर्टाची दवंडी हाय."

मग जो गलका उठला, देवा रे! एका गड्यानं हलगीवाल्याची बंडी धरली. "तुला ठावं न्हाई का बे सध्या हलगी कशाला वाजती? कावून वाजीवली?" म्हातारा हात जोडून म्हणत होता, "साहेबानं सांगितलं म्हून वाजीवली." मी साहेबांचा हात ओढला, "साहेब, जीपमध्ये बसा, निघू आपण." पण ते जागचे हलेनात. "आपुन जाऊ जीपनं," ते म्हणाले, "त्याला हितंच ऱ्हायचंय."

आणि ते त्या गड्यापुढं जाऊन उभे राहिले. "मला लई भेव वाटतंय तुमचं," ते सरळ म्हणाले, "पर चूक माझी हाय. त्याला सोडा." गड्यानं बंडी सोडली, ती साहेबांची कीव येऊनच असावी. साहेबांनी जीप तालुक्याला टँकरची विनवणी करायला पाठवली. म्हणजे पळून जायची सोयही गेली! दुपारभर आम्ही संस्थेच्या पायरीवर म्हाताऱ्याला मधे घेऊन बसलो. समोर लिंबाखाली गडी बसून आमच्याकडं बघत होते. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

दिवस कलताना टँकर खरंच आला. म्हाताऱ्यानं हलगी वाजवली. कुणी आलं नाही. लिंबाखालच्या गड्यांनी टँकर पाहिला, पण तेही रागानं तोंड फिरवून बसले. टँकरवाला ओरडायला लागला, मला अजून दोन गावं करायची आहेत म्हणून. तेव्हा नाझरसाहेब उठले आणि दारोदार कड्या वाजवत सुटले. "माय, खरंच आलाय. एकडाव येऊन बघा." आतून आवाज आला, "जावा! एकदा पळाले, गुडघा फुटला." साहेब उंबऱ्याशी हात जोडून उभेच राहिले. शेवटी ती बाई हंडा घेऊन लंगडत बाहेर आली. तिच्यामागून मग गाव आलं.

पुढं साहेब निवृत्त झाले, आजारी पडले. केजला दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. खालून कुणाची तरी वरात चालली होती. हलगी जवळ आली तसे साहेब धडपडत उठून बसले. "आरं, सांग त्यास्नी, पानी न्हाई म्हून! बाया पळत येतील, पडतील."

मी त्यांचा हात धरला. "आलाय साहेब टँकर," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच. समदे भरतायत."

"ती लंगडी?"

"तिचा हंडा पहिला भरला."

हलगी लांब जाईपर्यंत ते कान देऊन ऐकत राहिले. मग आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.