मोत्याची अंगठी आणि आईची बोटं

आईला मोत्याची अंगठी हवी होती, म्हणून काल आम्ही दोघी सराफाकडे गेलो आणि तासभर तिथेच अडकलो. एक मोती तिला पिवळट वाटला, दुसरा उगाच मोठा. मग एका अंगठीचं कोंदणच जुनाट निघालं. विक्रेती मुलगी हसतमुखाने नवनवे ट्रे काढत होती आणि माझं डोकं तापत होतं.

"अगं, हौस तुझीच ना? मग एखादी बोटात घालून तरी बघ!"

"मला नुसतं बघून कळतं," आई म्हणाली.

शेवटी मीच वैतागून तिचा हात ओढला आणि अंगठी घालायला गेले. ती पेरापाशी अडली. त्याहून मोठी घेतली, तीही अडली. संधिवाताने तिची पेरं इतकी सुजली आहेत, हे रोज तिच्या हातचं जेवूनही मला दिसलं नव्हतं. माणसं दुखणं झाकायला केवढी खुसपटं काढत बसतात, आणि आपण नुसते चिडत राहतो.

"आधी सांगायचंस ना!" माझा राग उतरला नव्हता, तो कुणावर काढावा, एवढंच कळेना.

"काय सांगायचं? त्या पोरीसमोर?" आई पुटपुटली.

त्या पोरीने ते ऐकलं असावं. "काकू, करंगळीत घाला. मोती करंगळीतच शोभतो," ती म्हणाली.

अंगठी करंगळीत अलगद गेली. आईने हात उजेडात धरला, बोटं होतील तेवढी सरळ केली आणि माझ्यावर खेकसली, "बघतेस काय अशी? छान दिसतंय म्हण की!"